चवथीच्या आरतीला सत्तर पेले कॉफी: कडू का होते?

माटोळी (फोंडा)

नमस्कार मंडळी. चवथीला अजून तीन आठवडे आहेत, पण मला आत्तापासूनच कॉफीची काळजी लागली आहे. म्हणून हा धागा.

आमचा गणपती पाच दिवसांचा. तिसऱ्या रात्री वाड्यावरची सगळी मंडळी घुमट आरतीला (घुमट म्हणजे मातीचे चर्मवाद्य) आमच्याकडे येतात. लहानमोठी धरून साठ-सत्तर माणसे. आरती झाली की नेवऱ्या, प्रसाद आणि जायफळ घातलेली कॉफी, ही माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेली पद्धत. त्या रात्री आमच्याकडे चहा होत नाही.

गेल्या वर्षी ही कॉफी पहिल्यांदा माझ्या हाती आली. सात वाजता मोठ्या टोपात दूध चढवले. पावडर, साखर, जायफळ सगळे त्यातच घातले, उकळी आणली आणि मंद गॅसवर झाकून ठेवले. आरती साडेनऊला आटपेल असा अंदाज होता. पण घुमटांना रंग चढला, शेजारच्या वाड्यावरून आणखी दोघे कासाळे (मोठ्या झांजा) घेऊन आले, आणि संपायला सव्वाअकरा वाजले. तोवर टोपात वर जाड साय आणि खाली करपलेला थर. गाळून, ढवळून तशीच वाढली.

आमच्याकडे दरवर्षी एक आजोबा येतात, ऐंशी ओलांडलेले. शामेळ वाजवत असत, आता बसून ताल धरतात. त्यांनी दोन घोट घेतले आणि पेला हळूच भिंतीच्या कडेला सरकवून ठेवला. बोलले काहीच नाहीत. सकाळी माटोळीखालचा (गणपतीच्या वर फळे-पाने बांधतात त्या चौकटीखालचा) केर काढताना तो पेला तसाच सापडला, वर सायीची सुरकुतलेली चकती. घरच्या गणपतीपुढे आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण धड कॉफी देऊ शकलो नाही, हे वर्षभर मनात राहिले आहे.

नंतर स्टीलचा फिल्टर आणला. डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरणारा कॉफीचा अर्क, कधी पाणचट होते, कधी कडूजहर. कधी तासभर थेंबच पडत नाही. माझे चुकते कुठे? आणि सत्तर जणांची एकदम कशी करायची?

पावसाळी (म्हापसा)

अगदी आमच्याच घरची गोष्ट वाटली. ताई, आधी एक सांगा, पावडर कुठली वापरता? म्हणजे दुकानाचे नाव नको, पाकिटावर मागच्या बाजूला प्रमाण काय छापले आहे ते बघून सांगा.

माटोळी (फोंडा)

आत्ता जाऊन बघितले. ५३ टक्के कॉफी, ४७ टक्के चिकोरी. इतकी वर्षे हे पाकीट घरात येते, पण ही ओळ मी आज पहिल्यांदा वाचली.

अनमोडपलीकडे (मडगाव)

माटोळीताई, तुमचे अर्धे उत्तर त्या ओळीतच आहे. मी नोकरीची अकरा वर्षे हासन आणि चिकमगळूरला काढली. तिथे ज्या घरी भाड्याने राहिलो, त्या अम्मांनी मला कॉफी शिकवली. शिकवली म्हणजे माझ्या एकेक चुका मोडून काढल्या. त्याच इथे सांगतो.

चिकोरी म्हणजे कॉफी नव्हे. ती एका झाडाची मुळी, भाजून दळलेली. तिच्यात कॅफीन अजिबात नसते. पाण्यात ती कॉफीपेक्षा पटकन आणि जास्त विरघळते, म्हणून रंग काळाभोर येतो आणि डिकॉक्शन दाट दिसते. बघणाऱ्याला वाटते, झाली कडक कॉफी. प्यायला घेतली की कॉफीचा वास कमी आणि जळक्या गुळासारखा कडवटपणा जास्त. मग आपण म्हणतो कॉफी लागत नाही, अजून एक चमचा घाला. त्या चमच्यातली निम्मी पुन्हा चिकोरीच. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे असा नियम आहे. म्हणजे तुमचे पाकीट त्या सीमेच्या जेमतेम वर आहे.

चिकोरी वाईट असे मी म्हणणार नाही. दुधाच्या कॉफीला थोडी चिकोरी अंग देते. पण ८० ला २० घ्या, फार तर ७० ला ३०. एवढा एक बदल केलात तरी पुढच्याच सकाळी फरक कळेल.

आता फिल्टर. वरच्या भांड्यात पावडर घातल्यावर ती दांड्याची चकती असते ना, ती बहुतेक जण जोर लावून दाबतात. मीही दाबत असे. अम्मा म्हणायच्या, पावडरवर हात ठेवायचा तो झोपलेल्या पोरावर ठेवतात तसा. भांडे हलवून पावडर सपाट करायची, चकती नुसती टेकवायची. दाबले की खालची भोके बुजतात आणि तासभर थेंब पडत नाही. पावडर फार बारीक दळलेली असली तरी तेच. दळून घेताना मैद्यासारखी नको, बारीक रव्याच्या आसपास हवी.

पाणी खळखळ उकळले की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचे. पहिल्यांदा चार-पाच चमचेच पाणी गोल फिरवून घालायचे. पावडर फुगते, वास सुटतो. ताजी भाजलेली असेल तर बुडबुडे येतात, तो आत अडकलेला वायू. मिनिटभराने उरलेले पाणी हळूहळू. एकदम भसकन ओतले तर पाणी कडेने वाट काढून खाली जाते आणि मधली पावडर कोरडी राहते. पाणचट होते ते यामुळे. पंधरा ते तीस मिनिटांत खाली उतरले पाहिजे. पाच मिनिटांत उतरले तर पावडर जाड किंवा कमी, तास लागला तर बारीक किंवा दाबलेली. रोज घड्याळ बघा, आठ दिवसांत हात बसेल.

आणि सगळ्यात मोठी चूक: डिकॉक्शन पुन्हा उकळू नये. कधीच नाही. गरम करायचे ते दूध. ही एक गोष्ट अम्मांनी मला इतक्यांदा सांगितली की आजही घरात कोणी डिकॉक्शनचे भांडे गॅसकडे नेले की मी उठून उभा राहतो.

पावसाळी (म्हापसा)

काका, हे जपून ठेवते. फक्त "अर्धा मिनिट थांबायचे" यावर माझा अनुभव वेगळा. पावसात फिल्टर गार असतो, थांबून घातलेले पाणी आत जाईपर्यंत कोमट होते. मी फिल्टर आधी गरम पाण्याने विसळून घेते.

अनमोडपलीकडे (मडगाव)

बरोबर आहे तुमचे. विसळून घ्यायचेच, मी लिहायला विसरलो. पावडरला साधारण ९२ ते ९६ अंशांचे पाणी मिळावे, एवढाच हेतू.

सुशेगाद_सकाळ (काणकोण)

आमच्या घरी इन्स्टंटच. त्यातल्या चुकांबद्दलही कोणी लिहा. आई दुधातच पावडर टाकून चहासारखी उकळते आणि मग म्हणते, बाटलीतल्या कॉफीला चव नाही.

पावसाळी (म्हापसा)

इन्स्टंट ही आधीच उतरवून वाळवलेली कॉफी असते. तिला शिजवायचे काही उरलेलेच नाही, उकळले की होता तो वास वाफेबरोबर जातो. पेल्यात पावडर, साखर आणि चमचाभर कोमट पाणी घालून आधी घोटा, मग वरून गरम दूध. आणि बाटलीत ओला चमचा घालू नका. आमच्याकडे जूनमध्ये उघडलेल्या बाटलीचा जुलैत दगड होतो. आता मी लहान बाटलीच आणते.

कोरडा_डबा (वास्को)

पावसाळीताईंनी ओलाव्याचा विषय काढलाच आहे, तर गोव्यात सगळ्यात मोठी चूक हीच होते असे मला वाटते. चार महिने हवाच ओली. महिन्याचे अर्धा किलो दळून आणायचे, पाकीट कात्रीने कापायचे, वर रबर लावायचा आणि ते गॅसशेजारच्या फळीवर. तिथे वाफही लागते आणि उष्णताही. भाजलेली कॉफी दळली की वास तासातासाने उडत असतो. पंधरा दिवसांनी उरते ती काळी पूड. मी दर आठवड्याला शंभर ग्रॅम दळून आणतो, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरतो आणि तो गॅसपासून लांबच्या कपाटात ठेवतो.

फ्रीजरबद्दल लोक विचारतात. फ्रीजर वाईट नाही, पण रोज तोच डबा काढून उघडायचा आणि परत आत ठेवायचा, हे वाईट. गार डबा आपल्या हवेत उघडला की आत दव धरते. ठेवायचेच तर आठवड्या-आठवड्याच्या लहान पुड्या करा. पुडी बाहेर काढून न उघडता तासभर ठेवा आणि मग ती परत आत नको.

घुमटीवरचा (साखळी)

ओलाव्याचा इतका बाऊ कशाला? मलबारची ती प्रसिद्ध कॉफी तर मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर ठेवतात, आणि ती परदेशात महाग विकली जाते.

अनमोडपलीकडे (मडगाव)

दादा, ठेवतात हे खरे, पण काय ठेवतात ते बघा. मान्सून्ड मलबार करताना मंगळूरकडच्या किनाऱ्यावर गोदामांत कच्च्या, न भाजलेल्या बिया पसरतात. पावसाळ्याचे तीन-चार महिने त्या हवेतला दमटपणा पितात, फुगतात, फिकट होतात आणि त्यांचा आंबटपणा कमी होतो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला पोचायला महिने लागत. त्या प्रवासात बियांचे असेच होई आणि तिकडच्या लोकांच्या जिभेला तीच चव बसली. पुढे जहाजे जलद झाली, कॉफी हिरवीच पोचू लागली आणि गिऱ्हाइकांना जुनी चव आठवू लागली. म्हणून ती किनाऱ्यावर मुद्दाम घडवायला लागले. आता तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण तीच बी एकदा भाजली आणि दळली की ओलावा तिचा शत्रू. कच्चा तांदूळ भिजवणे आणि पोह्यांना ओल लागणे यांत जेवढा फरक, तेवढाच इथे.

घुमटीवरचा (साखळी)

पटले. पोह्यांचे उदाहरण चांगले दिलेत.

जांभा_चिरा (पेडणे)

पाण्याबद्दल कोणीच बोलले नाही. पेल्यात सगळ्यात जास्त काय असते? पाणीच ना?

आमच्याकडे जांभ्यातल्या विहिरीचे पाणी, मऊ. त्याची कॉफी छान होते. बहिणीचे घर किनाऱ्याजवळ, तिच्या विहिरीला एप्रिल-मेमध्ये खारटपणा येतो. तेव्हा तिची कॉफी, कितीही चांगली पावडर असू दे, विचित्रच लागते. नळाच्या पाण्याला, मग ते ओपाचे असो की साळावलीचे, कधी कधी क्लोरीनचा वास असतो. तो कॉफीत लपत नाही. रात्री उघड्या भांड्यात भरून ठेवले तर बराच उतरतो. आणि ज्यांच्याकडे सगळे क्षार काढून टाकणारे मशीन आहे त्यांनी एकदा साधे गाळून उकळलेले पाणी वापरून बघावे. पाण्यात थोडे क्षार लागतात, त्याशिवाय कॉफीची चव पुरती उतरत नाही, सपक लागते.

मिरामार_संध्याकाळ (पणजी)

मी पणजीत एका कॉफीच्या दुकानात मशीनवर काम करतो. आधी एक मनातले सांगतो. आपल्याकडे जुन्या पाट्यांवर "कॅफे" लिहिलेले असते आणि आत भाजी-पाव, मिरची आणि चहा. लहानपणी मला कॅफे म्हणजे भाजी-पाव मिळतो ती जागा असेच वाटे. पाटीवरचे नाव कॉफीचे आणि टेबलावर राज्य चहाचे. त्यामुळे आपल्या लोकांना कॉफीही चहासारखीच करावीशी वाटते, म्हणजे उकळून. चहाची ती पूड उकळी सहन करते, कॉफी करत नाही.

दुधाबद्दल. आम्ही दूध ६०-६५ अंशांवर थांबवतो. त्या तापमानाला दूध सगळ्यात गोड लागते. ७० च्या पुढे गेले की उकळलेल्या दुधाचा वास येऊ लागतो आणि फेस बसतो. एकदा तापवलेले दूध पुन्हा वाफेवर धरले तर फेस नीट येतच नाही. घरी थर्मामीटर लागत नाही. भांड्याच्या बुडाला हात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवता येईना झाला की थांबायचे. पण माटोळीताईंच्या कॉफीत डिकॉक्शन गार असणार, तिथे दूध जास्त गरमच लागेल, त्याचा हिशेब वेगळा.

दुसरे, भांड्यांची सफाई. कॉफीत तेल असते. फिल्टरच्या भोकांत, थर्मासच्या बुचात, गाळण्याच्या कडेला ते साचते आणि खवट होते. लोक पावडर बदलतात, दुकान बदलतात, पण फिल्टर उन्हाकडे धरून बघत नाहीत. बघा, निम्मी भोके बुजलेली दिसतील. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा.

मे महिन्यात गार कॉफी करणाऱ्यांसाठी: गरम कॉफीवर बर्फ ओतला की पाच मिनिटांत पाणी प्यायल्यासारखे होते. कॉफी दुप्पट कडक करा, किंवा उरलेल्या कॉफीचाच बर्फ लावा. आणि रात्रभर गार पाण्यात भिजवून करायची कॉफी गोव्याच्या उकाड्यात ओट्यावर ठेवू नका. फ्रीजमध्ये बारा ते सोळा तास.

केवड्याचे_पान (डिचोली)

मोका पॉटवाल्यांसाठी (गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी वर चढते ते भांडे) दोन ओळी. खालच्या भांड्यात पाणी झडपेच्या खालीच ठेवा आणि शक्यतो गरमच घाला. पावडर दाबू नका, गॅस बारीक ठेवा आणि खुळखुळ आवाज सुरू झाला की लगेच उतरवा. शेवटची वाफ वर आली की सगळे कडू.

कुळागर (सावईवेरे)

जायफळावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्या कुळागरात पोफळी, माड, मिरी आणि जायफळ एकत्र आहे. पावसात जायफळे पिकून उकलतात, जायपत्रीच्या लाल जाळीसकट खाली पडतात. आम्ही ती रोज वेचतो.

चूक पहिली, ताजे जायफळ लगेच किसणे. ओले जायफळ किसले तर चिकट आणि उग्र. आमच्याकडे चुलीवरच्या माळ्यावर कित्येक आठवडे वाळवतात. कवच हलवल्यावर आतली बी खुळखुळली की वाळले. माटोळीला बांधलेले जायफळ उतरवून त्याच रात्री कॉफीत किसू नये, ते अजून कच्चे असते.

चूक दुसरी, तयार पूड. जायफळाचा वास तेलात असतो, पूड करून ठेवली की उडतो. चूक तिसरी, कॉफीबरोबर उकळणे. उकळले की वास जातो आणि कडवटपणा मागे राहतो. माटोळीताई, तुमच्या कडूपणात जायफळाचाही हात असणार. दूध उतरवल्यावर त्यात किसायचे. सत्तर पेल्यांना अर्धे जायफळ पुरे.

जास्त घालायचा मोह आवरा. एक अख्खे जायफळ एका माणसाच्या पोटात गेले तर खरोखर विषबाधा होते. मुले असतात म्हणून सांगते.

रात्रपाळी (बांबोळी)

मी परिचारिका आहे. एवढीच विनंती करते की रात्री अकराला कॉफी द्यायची तर आधी विचारून द्या. रक्तातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. अकराच्या पेल्यातले निम्मे पहाटे चारलाही अंगात असते. ज्यांना झोपेचा त्रास आहे, गरोदर बाया, लहान मुले यांच्यासाठी जायफळाचे नुसते दूध वेगळे ठेवा. चवथीचा मान तेवढाच राहतो. आणि मधुमेहवाल्यांसाठी बिनसाखरेची किटली वेगळी, तिला ओळखू येईल अशी दोरी बांधून.

कोरडा_डबा (वास्को)

आता सत्तर पेल्यांचा हिशेब मांडतो, काका तपासतीलच.

एक पेला १२० मिलि. त्यात ४० डिकॉक्शन, ८० दूध. सत्तर पेल्यांना २.८ लिटर डिकॉक्शन आणि ५.६ लिटर दूध. पावडर अर्धा किलो धरली तर ती स्वतःच्या दुप्पट, म्हणजे लिटरभर पाणी पिऊन बसते. म्हणून पाणी ३.८ लिटर घालायचे, हाती येईल २.८. पेल्यामागे सात ग्रॅम पावडर पडते, ते ठीक. चमच्याने मोजू नका, वजनकाटा वापरा. शीग लावलेला चमचा आणि सपाट चमचा यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो.

डिकॉक्शन तापवायचे नाही म्हणता, मग कॉफी गार होईल का? नाही. डिकॉक्शन ३० अंशांचे आणि दूध ८५ अंशांचे असेल तर पेल्यात ६६-६७ अंश येते. पिण्याजोगे छान गरम. पण तेच डिकॉक्शन फ्रीजमधून थेट ५ अंशांवर घेतले तर ५८ होते, वाढेपर्यंत कोमट. म्हणून फ्रीजमधले असेल तर बराच वेळ आधी बाहेर काढा.

माटोळी (फोंडा)

पण अर्धा किलो पावडर माझ्या फिल्टरमध्ये कशी मावणार? त्यात तीस ग्रॅमच राहते.

अनमोडपलीकडे (मडगाव)

हिशेब चोख आहे. फिल्टर विसरा. उडुपी हॉटेलांत करतात तसे कापडातून करा. दोन खेपा: प्रत्येक खेपेला पाव किलो पावडर आणि १.९ लिटर पाणी. दळताना फिल्टरपेक्षा थोडी जाड घ्या. पाणी उकळून उतरवायचे, त्यात पावडर सोडायची, एकदा ढवळायचे, झाकण. पाच मिनिटे, जास्त नको. मग दुसऱ्या टोपावर ओला केलेला पातळ पंचा बांधून ओतायचे. पिळायचे मात्र नाही. पिळले की बारीक गाळ आणि शेवटचा कडू रस खाली येतो. आपोआप जेवढे उतरेल तेवढे घ्या.

पंचा नवा असेल तर आधी दोनदा पाण्यात उकळून घ्या, नाहीतर खळीचा वास कॉफीला लागतो. साबण कधीच लावू नका.

हे संध्याकाळी पाचला करून स्टीलच्या कॅनमध्ये झाकून ठेवा. दूध न घातलेले डिकॉक्शन पाच-सहा तास बाहेर चांगले राहते. दूध एकदाच, शेवटी तापवा. आरती कितीही लांबली तरी आता बिघडायला टोपात काही नाही, कारण काही मिसळलेलेच नाही. गेल्या वर्षी तुमची कॉफी चुकली त्याहून जास्त ती चार तास गॅसवर ताटकळली. तापत ठेवलेल्या कॉफीतली आम्ले मोडतात, त्यांतून आंबट-कडू चव वाढत जाते, आणि वास तर पहिल्या अर्ध्या तासातच गेलेला असतो.

पावसाळी (म्हापसा)

ताई, एक तालीम करून बघा. दहा पेल्यांची.

माटोळी (फोंडा)

तालीम केली, दहा जणांची. ८०-२० पावडर, ७० ग्रॅम, पंच्यातून. पहिल्या खेपेला मी पंचा पिळलाच, सवयीने. त्याच कॉफीचा न पिळलेला पेला शेजारी ठेवून नवऱ्याला न सांगता दोन्ही दिले. त्यांनी दुसरा संपवला आणि पहिला परत दिला. एवढासा फरक एवढा लागतो हे डोळ्यांनी बघितले म्हणून खरे वाटले.

एक अडचण: दूध नेमके केव्हा चढवायचे? सहा लिटर तापायला वेळ लागतो, आणि आरतीतून मला उठता येत नाही.

घुमटीवरचा (साखळी)

मी स्वतः घुमट वाजवतो. आरत्यांचा क्रम वाजवणाऱ्यांना ठाऊक असतो. तुमच्याकडच्या मुख्य घुमटवाल्याला आधीच सांगून ठेवा, शेवटून दुसरी आरती धरली की स्वयंपाकघराकडे बघून मान हलव. दूध दोन टोपांत वाटून दोन शेगड्यांवर चढवा, निम्म्या वेळात तापते. मग गाऱ्हाणे आणि प्रसाद होईपर्यंत तुमचे दूध तयार.

माटोळी (फोंडा)

मंडळी, चवथ झाली. काल रात्री सगळे आवरले, आज बसून लिहिते आहे.

पाच वाजता दोन खेपांत डिकॉक्शन केले. हाती पावणेतीन लिटर आले, हिशेबाला जेमतेम कमी. कॅनमध्ये भरून देवघराच्या मागच्या गार खोलीत ठेवले. या वर्षीही आरती लांबली, सव्वादहा झाले. घुमटवाल्याने मान हलवली, माझी जाऊ उठली आणि दोन्ही शेगड्या पेटवल्या. साखर निम्म्या दुधातच घातली, उरलेले बिनसाखरेचे. दूध वर यायला लागताच उतरवले, त्यात अर्धे जायफळ किसले. किसताना माजघरापर्यंत वास गेला, आतून कोणीतरी "कॉफी आली" म्हणाले.

जाऊ पेल्यांत डिकॉक्शन ओतत गेली, मी ओगराळ्याने वरून दूध. सत्तर पेले व्हायला वीस मिनिटे लागली. शेवटच्या दहा-बारा जणांना थोडी कोमट मिळाली. पुढच्या वेळी दूध एकदम न तापवता दुसरा टोप दहा मिनिटांनी चढवीन. मुलांना जायफळाचे दूध दिले. बिनसाखरेच्या किटलीला लाल दोरी बांधली होती, ती नऊ जणांनी घेतली.

आजोबा आले होते, नातवाचा हात धरून. त्यांना बिनसाखरेची दिली. भिंतीला टेकून त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला, आधी वास घेतला, मग हळूहळू सगळी प्यायले. रिकामा पेला माझ्या हातात देताना म्हणाले, "तुझी आजेसासू अशी करायची."

मला त्यांच्यापुढे बोलता आले नाही. तुम्हा सगळ्यांना, विशेषतः मडगावच्या काकांना आणि तुमच्या त्या अम्मांना, देव बरें करूं.

एक प्रश्न राहिला. पंचा साबण न लावता धुऊन दोरीवर टाकला, पण या हवेत तो दोन दिवसांत वाळत नाही आणि कुबट वास येतो आहे. त्याचे काय करू?

अनमोडपलीकडे (मडगाव)

वाचून डोळे भरून आले. अम्मा आता नाहीत, पण त्यांच्या मुलीला तुमचे हे वाचून दाखवतो.

पंचा: पाच मिनिटे नुसत्या पाण्यात उकळा, पिळा आणि ओलाच डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाका. पुढच्या वेळी बाहेर काढून पुन्हा एकदा उकळा. वाळवायच्या भानगडीत पावसात पडूच नका.